दोन पाकिटांतलं मत

आमचे पार्सिपनीतले घरमालक बसत नसत. गाडी चालवताना बसत, विमानात पट्टा बांधायला लावला की नाइलाजानं बसत, एरवी हा माणूस उभा किंवा चालता. जेवणसुद्धा उभ्यानं. डाव्या हातात ताटली, उजव्या हातानं घास, आणि घासागणिक स्वयंपाकघर ते हॉल अशी एक फेरी. काकू म्हणायच्या, "लग्नात यांना खुर्चीवर धरून ठेवायला दोन्ही बाजूंना दोन मामा उभे केले होते." ते दोघं खाली राहायचे आणि आम्ही वर. खालच्या माणसाच्या पावलांनी वरच्याची झोपमोड व्हावी, असं घर अख्ख्या न्यू जर्सीत आमचंच असणार.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. माझा नवरा सोमवारी कामासाठी दुसऱ्या राज्यात जायचा तो शुक्रवारी उगवायचा. मी एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये होते. घरात सासूबाई आणि शाळेत नुकतीच जाऊ लागलेली लेक. घर बघायला गेलो तेव्हा काकांनी ना नाव विचारलं ना गाव.

"सिटिझन झालात?"

"हो, मागच्याच वर्षी. आईसुद्धा झाल्या."

"मतदार यादीत नाव?"

"नाही अजून."

"काहून नाही?" म्हणत ते तरातरा आत गेले आणि नोंदणीचे कागद घेऊन आले. आमच्या तिघांच्या सह्या झाल्या, मगच आम्हाला बेडरूम पाहायला मिळाली. बाथरूममधला नळ गळतो हे राहायला गेल्यावर कळलं.

काका टर्बाइनचे इंजिनिअर. देशात कुठेही पॉवर प्लांटमधलं टर्बाइन रुसलं की कंपनी काकांना विमानात चढवायची. आज ओहायो, परवा टेक्सास. बॅग कायम दाराशी भरलेली. घरी आले की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी आमचा ठणठणीत बॉयलर उघडून बसायचे, म्हणजे उघडून उभे राहायचे. कुणी त्यांना पायाला भिंगरी आहे म्हटलं की काकू म्हणायच्या, "भिंगरी थांबते तरी."

अशा माणसाला निवडणुकीच्या दिवशी गावात असणं जमायचं नाही. म्हणून ते पोस्टानं मत द्यायचे. ॲबसेंटी बॅलट. आणि द्यायचे म्हणजे किती! अध्यक्ष निवडायला तर सगळेच जातात. काका टाउनशिपला मत द्यायचे, शाळेच्या बोर्डाला द्यायचे, आमच्या भागातल्या अग्निशमन मंडळाला द्यायचे. असं काही मंडळ असतं आणि त्याची निवडणूकही होते, हे तिथेच जन्मलेल्या शेजारच्या म्हाताऱ्यालाही काकांनीच सांगितलं. बिचारा त्यानंतर काका दिसले की गॅरेजचं दार खाली ओढायचा.

आपल्या लोकांचा तर त्यांनी पिच्छाच पुरवला होता. आयसेलिनला तेव्हा आपली दुकानं नुकती निघू लागली होती. तिथे भाजी निवडत असलं तरी मागून आवाज यायचा, "अर्ज टाकला का?" आमच्या मंडळाच्या गणपतीला, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, त्यांनी प्रसादाच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना प्रात्यक्षिक दाखवलं होतं. पेपर नॅपकिन ही मतपत्रिका. सँडविचची पिशवी हे आतलं पाकीट. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद हे बाहेरचं.

"आधी कौंटी क्लार्ककडे अर्ज. पोस्टानं पाठवायचा तर निवडणुकीच्या एक आठवडा आधी पोचला पाह्यजे. अर्जात कारण लिहायचं. गावाबाहेर आहे, आजारी आहे, नोकरीची वेळ आड येते, कॉलेजात आहे, धार्मिक सण आहे. खोटं कारण लिहायचं नाही. खोटं लिहायचं असलं तर घरी बसा, बाप्पा. मग मतपत्रिका येते. एकट्यानं भरायची. नवऱ्यानं बायकोची भरायची नाही. ती आतल्या पाकिटात. या पाकिटाला एक चिठ्ठी जोडलेली असते, तिच्यावर नाव, पत्ता, सही. ती चिठ्ठी फाडायची नाही! फाडली की मत गेलं. मग हे पाकीट त्या पाकिटात. मतदान संपायच्या आत पोचलं पाह्यजे. पोस्टाचा शिक्का कधीचा आहे ते कोणी पाहत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, लाडू कधी?" पण काका दुसऱ्यांदा नॅपकिन घडी करत होते. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती आणि थोडा रागही आला होता. लेक भुकेली होती आणि रांग काही सरकत नव्हती.

हे वेड कुठून आलं, ते एकदा बर्फ काढताना त्यांनीच सांगितलं. माझी गाडी अडकली होती. ते फावडं मारत बोलत होते, तोंडातून वाफ येत होती.

"माझ्या आज्याले गावच्या चावडीची पायरी चढू देत नव्हते. माझ्या बापानं आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते त्याच चावडीत. नवीन धोतर नेसून गेला होता. आत गेला, बाहेर आला, आणि पायरीवर उभा राहिला. उगाच. लोकं म्हणे उतर आता, हा उतरेना." त्यांनी चाकाखालचं बर्फ खरवडलं. "आणि मी? शिकलेला. नाव नागपूरच्या यादीत आणि नोकरी धरणावर. तिकडे नाव नोंदवलं की बदली पॉवर हाऊसवर. दर वेळी बाप विचारे, दिलं का रे मत? मी म्हणे, पुढच्या खेपेला. पुढची खेप आली तोवर बाप नव्हता. इथं आलो तर हे लोकं म्हणतात, तुम्ही कुठंही असा, आम्ही कागद पाठवतो. मी म्हटलं, आता सोडत नाही. चल, गाडी मागे घे, हळू."

मी गाडी मागे घेतली. त्या दिवसापासून मी त्यांना चुकवायची थांबले. काकूंनाही ते सोडत नसत. काकू एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुपारच्या शिफ्टला, आणि शाळेच्या बोर्डाचं मतदान दुपारी सुरू होऊन रात्री संपायचं. म्हणून त्यांचंही मत पोस्टानं, 'नोकरीची वेळ' या कारणाखाली. टेबलाच्या दोन टोकांना नवराबायको पाठ करून उभे आणि आपापल्या कागदावर खूण करताहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. एकमेकांना विचारायचं नाही, सांगायचं नाही. नंतर काकू मला जिन्यात हळूच सांगायच्या, "यांच्याच माणसाला दिलं गं, पण यांना कळू द्यायचं नाही."

आता कुंकवाची गोष्ट.

आमच्या गावात दर एप्रिलमध्ये शाळेचं बजेट लोकांपुढे मताला यायचं. पास झालं तर ठीक. पडलं तर कात्री लागायची, आणि पहिली कात्री आमच्या बसला. आमची आळी शाळेपासून तशी जवळ, त्यामुळे कायद्यानं बस द्यायलाच हवी असं नव्हतं. बोर्ड आपल्या मर्जीनं देत होतं. पण जवळ म्हणजे कशी जवळ? मध्ये हायवेचा एक तुकडा, त्याला फूटपाथ नाही, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. त्या वर्षी बोर्डानं स्पष्टच सांगितलं की बजेट पडलं तर आमची बस बंद. काकांना शाळेत जाणारं कोणी नव्हतं. त्यांचा मुलगा केव्हाच मोठा होऊन पार पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. पण काकांनी आळीतली आठ-दहा मराठी घरं पिंजून काढली. कोणी शिफ्टमध्ये, कोणी प्रोजेक्टवर बाहेरगावी, एकीचे दिवस भरत आलेले, माझ्या सासूबाईंचे गुडघे धरलेले. ज्यांना खरं कारण होतं त्यांचेच अर्ज त्यांनी घेतले, बाकीच्यांना शाळेच्या जिममध्ये जाऊन मत द्यायला बजावलं, आणि मग टर्बाइन रुसलं म्हणून टेक्सासला गेले.

मतपत्रिका घरोघरी आल्या त्या नेमक्या पाडव्याच्या सकाळी. सासूबाईंचं अमेरिकेतलं पहिलं मत. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांना लावला, देवापुढे ठेवला, आणि त्याच्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाचं बोट लावलं. लग्नपत्रिकेला लावतात, नव्या गाडीला लावतात, तसंच. मग त्यांनी सगळीकडे फोन केले. "अगं, पाडव्याला आलंय, कोरडं पाठवू नका." आळीभर कुंकवाची बोटं उमटली. मी स्वतः खूण केली, फुंकर मारून जास्तीचं कुंकू झटकलं आणि आतलं पाकीट बाहेरच्या पाकिटात घातलं. चिठ्ठी फाडली नाही, सही बरोबर, काळी शाई. काकांनी सांगितलेलं सगळं केलं. एवढी एकच सूचना त्यांनी दिली नव्हती, कारण ती त्यांच्या डोक्यातच आली नसती. ते बौद्ध. त्यांच्याकडे टीव्हीवर बुद्धाची छोटी पितळी मूर्ती होती, सणाला तिच्यापुढे मेणबत्ती लागे. कागदाला कुंकू लावायची रीत त्यांच्या घरात नव्हती.

मोजणी बघायची परवानगी काढून काका टेक्सासहून थेट तिथे गेले होते. परत आले ते जिना दोन-दोन पायऱ्या चढत आमच्याकडेच. आमच्या छोट्या हॉलमध्ये त्यांना चालायला जागा पुरेना.

"एकामागून एक कागद निघून राहिले, आणि सगळ्यांवर लाल-पिवळं. तो टेबलावरचा माणूस म्हणतो, सर, इज इट केचप? दुसरा म्हणे, अँड मस्टर्ड. मी म्हटलं, नाही, ते आमच्या लोकांचं पवित्र आहे. ते म्हणाले, ॲब्सोल्यूटली सर, पण मतपत्रिकेवर ओळखीची खूण चालत नाही. सगळी रद्द! आणि बजेट पडलं. आपली धरली असती तर वाचलं असतं. काय करून राहिले तुम्ही लोकं?"

सासूबाई पलंगावरून उठून बसल्या. "अहो भाऊ, नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची?"

"दाखवा ना, आजी! दाखवा! पण लावू नका! फुलीशिवाय त्याच्यावर काही दिसलं की ते मत नाही!"

"म्हणजे आमच्या कुंकवानं मत बाटलं म्हणायचं?"

काका थांबले. मी त्यांना त्याआधी कधी तसं थांबलेलं पाहिलं नव्हतं. हात जिथे होता तिथेच राहिला.

"आजी," ते अगदी हळू म्हणाले, "तो शब्द आमच्या घरात वापरत नाही."

सासूबाईंना काय उमजलं, किती उमजलं, मला माहीत नाही. त्या काही वाईट बाई नव्हत्या. ज्या घरात वाढल्या तिथले शब्द त्यांच्या तोंडी होते, इतकंच. मला मात्र शरमेनं मान वर करवेना. काका निघून गेले. त्या रात्री खालून पावलांचा आवाज आला नाही, आणि मला मेली झोप लागली नाही.

सप्टेंबरपासून बस बंद झाली. आळीतल्या आयांनी पाळ्या लावल्या, पण आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या. काका गावात असले की मग पोरांना तेच न्यायचे. पुढे काका, हातात नारिंगी झेंडा, मागे रांगेनं पोरं, दप्तरं आपटत, जवळजवळ पळत. माझी लेक ओरडायची, "काका, स्लो डाउन! माय शू!" काका मागे न बघता म्हणायचे, "चला चला, ट्रक थांबत नाही!" ट्रकांना खरंच ते झेंडा दाखवायचे, आणि ट्रक खरंच हळू व्हायचे. काका गावाबाहेर असले की मी ऑफिसात दर सकाळी लेक शाळेत पोचल्याचा फोन येईपर्यंत कशालाच हात लावत नसे. एकदा ट्रकच्या वाऱ्यानं तिची टोपी उडाली आणि ती टोपीमागे धावायला निघाली. शेजारच्या मुलानं दप्तराला धरून मागे ओढलं. हे तिनं मला हसत हसत सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासूनच काका पेटले. या खेपेला ते सासूबाईंकडे सगळ्यात आधी आले. निवडणुकीआधी सगळ्या मतदारांना सरकारकडून नमुन्याची मतपत्रिका येते, हुबेहूब खऱ्यासारखी, फक्त ती मोजत नाहीत. ती त्यांनी सासूबाईंपुढे धरली.

"आजी, हिला लावा. हळद, कुंकू, अक्षता, काय लावायचं ते. फूल वाहा. ही देवाची. आणि खरी येईल ती फक्त तुमची. तिला फुली."

सासूबाईंनी कागद घेतला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यात तर हे करत नाहीत."

"नाही करत."

"मग?"

"मग काय? तुमच्यात करतात ना."

सासूबाईंनी नमुन्याची पूजा केली, आळीत सगळ्यांना तसंच करायला सांगितलं, आणि त्या दिवशी शिरा करून स्वतः, गुडघे धरून, जिना उतरून खाली देऊन आल्या. काकांनी तो उभ्यानं खाल्ला.

मार्च संपता संपता काकांची छाती दुखली. इंडियानाच्या एका प्लांटमध्ये शिडीवर असतानाच. तिथून त्यांना आमच्या इथल्या हॉस्पिटलमध्ये आणलं. डॉक्टरांनी हृदयाचं काय बिघडलंय ते सांगितलं आणि हालचाल बंद केली. हालचाल बंद! मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर आडवे होते आणि चादरीखाली दोन्ही पाय चालत होते. नर्सनं मला बाहेर घेऊन विचारलं, हे नेहमी असेच असतात का? मी म्हटलं, नेहमी याहून जास्त.

मतपत्रिकेचा अर्ज त्यांनी आधीच पाठवला होता, कारण एप्रिलमध्ये त्यांना दौऱ्यावर जायचं होतं. पाकीट घरी आलं, काकूंनी हॉस्पिटलात नेलं. काकांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं. नर्सलाही जायला सांगितलं.

"सर, यू आर ऑन अ मॉनिटर. आय कान्ट."

"देन क्लोज युअर आइज."

तिनं खरोखर डोळे मिटले. काचेतून मी पाहिलं. त्यांनी उशीला टेकून खूण केली, कागद घडी केला, आतलं पाकीट, सही, बाहेरचं पाकीट. चिठ्ठी फाटली नाही. मग आम्हाला आत बोलावलं आणि लगेच भांडण सुरू केलं.

"तुझं काय?" ते काकूंना म्हणाले.

"माझं कसलं काय! मी रजेवर आहे, तुमच्यापाशी."

"म्हणूनच. शिफ्ट नाही, म्हणजे तुला पोस्टाचं कारण नाही. तू मंगळवारी शाळेत जाऊन मत दे."

"तुम्हाला टाकून? मी इथून हलणार नाही."

"मग मत बुडलं."

"बुडू दे. नवरा आजारी आहे, हे कारण नाही का होत?"

"यादीत नाही."

"मग तुमची ती यादी घाला चुलीत!" काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पायांवरची चादर इतकी घट्ट खोचली की पाय थांबले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी येईल असं झालं होतं, आणि दोघंही ते एकमेकांना दाखवणार नव्हते.

रविवारी मी एकटी होते तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. "एक अडचण आहे. मंगळवारी दुपारी मतदान उघडायच्या आधी मी गेलो ना, तर माझं पाकीट बाजूला काढतात. मेलेल्या माणसाचं मत धरत नाहीत. उघडल्यावर गेलो तर चालते." आणि हसले. "डॉक्टरले विचारलं, मंगळवारी दुपारपर्यंतची गॅरंटी देता का? तो म्हणाला, टेक इट इझी. आता याचा अर्थ काय घ्यावा?"

"काका, काहीतरी बोलू नका."

"काहीतरी नाही. कायदा आहे." मग डोळे मिटून म्हणाले, "पोरं चालून राहिली ना गं त्या रस्त्यानं."

मंगळवारी सकाळी काका गेले. मतदान उघडायला अजून काही तास होते.

मी ऑफिसातून सरळ हॉस्पिटलात पोचले. आळीतले एक गृहस्थ आधीच आले होते, मागचं वर्षभर दोन मुलांना शाळेत सोडून रोज ऑफिसला उशिरा पोचणारे. रेडमंडला मुलाला फोन झाला होता, तो संध्याकाळच्या विमानानं निघणार होता. काकू कॉरिडॉरमधल्या बाकावर काकांची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "कौंटीचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

कशाला ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

"काकू," ते गृहस्थ म्हणाले, "आता कोण विचारतंय? त्यांनी मत दिलं तेव्हा ते होते ना? मागच्या वेळी बजेट किती थोडक्यात गेलं. राहू द्या ना त्यांचं."

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. माझी लेक त्या वेळी शाळेत होती आणि दुपारी त्याच रस्त्यानं परत यायची होती. मी म्हटलं, "काकू, त्यांना आवडेल ते. त्यांचं मत जाऊ दे पुढे."

"त्यांना आवडेल?" काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "मला शेवटपर्यंत अर्ज भरू दिला नाही त्या माणसानं. आणि त्यांच्या नावावर मी खोटं मत पडू देऊ?"

मी पब्लिक फोनवरून नंबर लावून दिला. काकूंचं इंग्रजी लॅबपुरतं चांगलं होतं. त्या सरळ उभ्या राहून बोलल्या. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. "माय हजबंड सेंट हिज बॅलट. ही डाइड धिस मॉर्निंग. प्लीज डोन्ट काउंट." पलीकडच्या बाईला आधी समजलंच नाही. काकूंनी पुन्हा तेच सांगितलं, एक शब्द न बदलता. मग बाई काहीतरी बोलली. काकू "थँक यू" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, यासाठी आजपर्यंत तिला कोणी फोन केला नव्हता."

दुपारभर खालच्या घरात माणसं येत-जात राहिली. कोणी चहा केला, कोणी प्यायलं नाही. सगळे कुजबुजत होते आणि कोणालाच कुठे बसावं कळत नव्हतं. मी उगाच भांडी पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. उन्हं उतरल्यावर काकू आतून साडी बदलून आल्या.

"चल."

"कुठे, काकू?"

"मत द्यायला. सकाळपर्यंत मला तिथून हलता येत नव्हतं. आता हरकत नाही."

मला वाटलं, आता सासूबाई बोलणार. आज? घरात असं झालेलं असताना? सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, स्वतःची शाल काढली आणि काकूंच्या खांद्यावर घातली. "बाहेर गार आहे," म्हणाल्या.

शाळेच्या जिममध्ये रांग होती. टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईनं मोठं पुस्तक उघडलं. काकूंच्या नावाच्या वरच्याच ओळीत काकांचं नाव होतं, त्यापुढे पोस्टानं मत दिल्याचा शिक्का. काकूंनी त्यावर बोट ठेवलं, "ही इज नॉट," एवढं म्हणाल्या, आणि खालच्या ओळीत सही केली. मग त्या मोठ्या लोखंडी मशीनकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं मत देऊन त्यांनी मतदानाचं मशीन पाहिलं नव्हतं.

"यात शाई कुठली वापरायची?"

"शाई नाही, काकू. ती छोटी दांडी खाली करायची. मग ही मोठी दांडी ओढायची, पडदा उघडतो, तेव्हा मत पडतं."

"पाकीट नाही?"

"नाही."

त्या आत गेल्या. पडदा सरकला. रांगेतली माणसं घड्याळं बघायला लागली, मागे कोणीतरी घसा खाकरला. पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते, जोडून ठेवलेले, अजिबात न हलणारे. टेबलावरची बाई उठून आली. मी तिला सांगितलं, हिचा नवरा आज सकाळी गेला. ती रांगेकडे तोंड करून मशीनपुढे उभी राहिली. मग आत खटकन आवाज झाला आणि पडदा उघडला.

मुलगा पहाटे पोचला आणि हॉलमधल्या सोफ्यावर बुटांसकट झोपून गेला. सकाळी मी शाळेच्या ऑफिसात फोन केला. बजेट पास झालं होतं. थोडक्यातच, पण झालं होतं. बस परत सुरू होणार होती. मी धावत जिना उतरले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या, चहाचं आधण उकळून उकळून अर्धं झालं होतं.

"काकू, झालं! पास झालं! बस येणार!"

त्यांनी गॅस बंद केला. "ह्यांचं धरलं नाही ना त्यात?"

"नाही, काकू. बाजूला काढलं त्यांनी. नक्की."

काकूंनी मान हलवली. हॉलकडे, तिथून दाराकडे पाहिलं.

"म्हणजे ह्यांच्याशिवाय झालं," त्या म्हणाल्या, आणि ओट्याला धरून खाली बसल्या आणि रडल्या.